पंगतीत शेवटी उठणारा

दोस्तांनो, गावातली एखादी पंगत डोळ्यांसमोर आणा. लग्नाची असो, नाहीतर सप्त्याच्या शेवटच्या दिवसाची. वाढपी "वरण, वरण" करत पळताहेत, भाजीच्या बादल्या फिरताहेत. पहिली पंगत उठते, पोरं हात धुवून बाहेर खेळायलाही जातात. पण एक मुलगा अजून पानावरच असतो. त्याच्या शेजारी पाण्याचा ग्लास, तोही तिसऱ्यांदा भरलेला. एक घास, मग दोन घोट पाणी. पोळी तो तशीच कधी खात नाही, वरणात कुस्करून तिचा पार लगदा करतो. मटणाचा तुकडा पानात पडला तर हळूच बाजूला सारतो.

"काऊन रे, झालं नाही का अजून? गिळ ना बापा लवकर!" कुणीतरी ओरडतं. आई म्हणते, "लहानपणापासून असाच आहे, खायची नाटकं." मुलगाही मान खाली घालून हसतो, कारण त्यालाही वाटत असतं की आपण असेच आहोत.

असं मूल तुमच्या वर्गात आहे का? कदाचित ते तुम्हीच असाल! हळू खाणारी बहुतेक मुलं अगदी ठणठणीत असतात, हे आधीच सांगून टाकतो. उगाच घाबरायचं नाही. पण त्यांच्यातल्या थोड्यांच्या बाबतीत दोष स्वभावाचा नसतो, तो असतो घशाखालच्या एका नळीचा. या लेखात त्या नळीच्या एका आजाराची गोष्ट आहे. आजाराचं नाव घेताना जिभेलाच पीळ पडतो: इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. आपण त्याला डॉक्टरांसारखं थोडक्यात 'इओई' म्हणू.

एक वीत लांबीची नळी

घास गिळला की तो थेट पोटात पडतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही बरं का! मध्ये अन्ननलिका आहे. मोठ्या माणसात ती सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे एका वितीहून थोडी जास्त लांब असते. ती नुसता पाइप नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात आणि ते वरून खाली लाटेसारखे आवळत जातात. टूथपेस्टची ट्यूब आपण दाबत आणतो ना, तसंच. म्हणून तर डोकं खाली पाय वर करूनही गिळता येतं. (करून बघू नका. ठसका लागला तर मला बोलणी बसतील.)

ही नळी लवचीक असते. मोठा घास आला की रुंदावते, गेला की मिटते. तिचा लवचीकपणा गेला आणि ती आतून १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाली, तर घट्ट अन्न अडकू लागतं. पाणी आणि वरण जातं, पण कोरडी भाकरी, पाव, मटण, भाताचा मोठा घास हे छातीच्या मधोमध येऊन थांबतं.

उषादेवीच्या रंगाची पेशी

रक्ताच्या तपासणीचा कागद घरात असेल तर काढा. त्यात पांढऱ्या पेशींची यादी असते आणि तिच्यात 'इओसिनोफिल' हे नाव सापडेल. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं १८७९ साली ही पेशी ओळखली. त्या काळी 'इओसिन' नावाचा एक गुलाबी रंग नवा निघाला होता. ग्रीक लोकांच्या पहाटेच्या देवीचं नाव इओस, म्हणजे आपली उषाच. एर्लिखनं रक्ताच्या थेंबावर असे रंग घालून पाहिले, तेव्हा काही पेशींच्या पोटातले दाणे हा गुलाबी रंग अगदी हावरटासारखे पिऊन टाकताना दिसले. म्हणून त्या इओसिनोफिल, अर्थात इओसिनवर जीव असणाऱ्या! २०२० च्या जूनमध्ये आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालेलं तुम्ही पाहिलं किंवा ऐकलं असेल. ते सूक्ष्मजीवांमुळे झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशीही गुलाबी, जरा लालसरच दिसतात.

या पेशी म्हणजे शरीराची एक जुनी फौज. जंतांसारखे मोठे परजीवी शरीरात शिरले की ती धावून जाते. शाळेत वर्षातून दोनदा जंतनाशक दिवसाला चघळायची गोळी मिळते ना? त्याच जंतांविरुद्ध ही फौज लढते. जंत इतका मोठा असतो की एक पेशी त्याला गिळू शकत नाही. मग या पेशी त्याच्याभोवती जमतात आणि आपल्या दाण्यांतलं जहाल रसायन त्याच्यावर ओततात.

निरोगी माणसाच्या जठरात आणि आतड्यात थोड्या इओसिनोफिल पेशी नेहमीच असतात. अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्या जवळजवळ नसतातच. तिथे त्यांना कामच नाही. इओई झालेल्या माणसात नेमकं उलटं घडतं. रोगप्रतिकारक यंत्रणा दूध, गहू, अंडं अशा रोजच्या साध्या अन्नालाच शत्रू समजून बसते. अस्तरातल्या पेशी 'इकडे या' असा रासायनिक निरोप पाठवतात आणि सारी फौज अन्ननलिकेत मुक्कामाला येते. जंत नसतोच, मग रसायन ओतायचं कुणावर? स्वतःच्याच नळीवर!

डॉक्टर दुर्बिणीतून अस्तराचे बारीक तुकडे काढतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका गोल चौकटीत १५ किंवा जास्त इओसिनोफिल दिसले, रुग्णाला गिळायचा त्रास असला आणि दुसरं काही कारण निघालं नाही, तर निदान इओईचं. तुकडे एकदोन नाही, निदान सहा घ्यावे लागतात. कारण ही फौज सगळीकडे सारखी पसरलेली नसते. इथे छावणी असते, तर शेजारीच मोकळं रान.

लोणारसारखं झालं

आता तुम्ही विचाराल, हा आजार आधी का कळला नाही? याचं उत्तर आपल्या जिल्ह्याच्या माणसाला चटकन समजेल.

लोणारचं सरोवर इंग्रज अधिकाऱ्यांनी १८२३ सालीच पाहून नोंदवून ठेवलं होतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, काही लपण्यासारखी गोष्ट नाही! पण भोवती सगळा काळा, ज्वालामुखीतून आलेला खडक. त्यामुळे कितीतरी वर्षं बहुतेक लोक म्हणत राहिले की हे ज्वालामुखीचंच तोंड. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा प्रचंड धक्क्यानंच तयार होणारी काच सापडली. विवर उल्कापातानं झालं हे मग ठरलं. डोळ्यांना सगळं दिसत होतं, फक्त तुकडा काढून कुणी पाहिला नव्हता आणि आधीचं उत्तर सोपं होतं.

इओईचंही असंच. छातीत अडकतं, जळजळतं, उलटी होते, म्हणजे पित्त! आम्ल वर येतंय! हे सोपं उत्तर हाताशी होतं. दुर्बिणीतून पाहिलं तर नळी पुष्कळदा बरीच ठीक दिसायची, मग तुकडा कशाला काढा? आणि काढलाच, त्यात इओसिनोफिल दिसलेच, तर १९८२ नंतर त्याचाही अर्थ 'पित्त' असाच लावला जाई, कारण पित्ताच्या त्रासातही थोड्या इओसिनोफिल पेशी येतात असं तेव्हा दिसलं होतं.

१९९३ साली डॉ. स्टीफन अ‍ॅटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ मोठ्या माणसांची हकीकत छापली. त्यांना गिळता येत नव्हतं, अस्तरात इओसिनोफिलची गर्दी होती, पण आम्ल वर येत नव्हतं! पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या डॉ. अ‍ॅलेक्स स्ट्रॉमान यांनी असेच १० रुग्ण दाखवले.

खरी मजा १९९५ ची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांकडे १० मुलं होती. पित्ताची औषधं देऊन झाली होती, काहींची तर शस्त्रक्रियासुद्धा झाली होती, तरी त्रास तसाच. डॉक्टरांनी त्यांचं नेहमीचं सगळं अन्न थांबवलं आणि प्रथिनांचे अगदी सुटे कण, म्हणजे अमिनो आम्लं, असलेलं पेय दिलं. इतक्या बारीक तुकड्यांना ती गुलाबी फौज ओळखूच शकत नाही. आठ मुलांचा त्रास पूर्ण थांबला आणि उरलेल्या दोघांचा कमी झाला. शत्रू पित्त नव्हता, ताटात होता!

किती जणांना?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. २०२४ च्या डिसेंबरात शेगाव तालुक्यात काय झालं ते आठवा. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस भराभर गळू लागले, काही दिवसांत टक्कल. घरोघरी पाहणी झाली, पाण्याचे नमुने गेले, दिल्लीची पथकं आली. रुग्ण मोजता आले, कारण आजार डोक्यावरच दिसत होता! इओईचा रुग्ण मात्र पंगतीत बसून पाणी पितो. त्याला कोण मोजणार? जिथे दुर्बीण आहे, तुकडा काढणारा डॉक्टर आहे आणि तो पाहणारा पॅथॉलॉजिस्ट आहे, तिथेच हा आजार 'असतो'.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात हॅमिल्टन नावाचा एक परगणा आहे. तिथे मुलांची नीट मोजणी झाली, तेव्हा २००३ च्या अखेरीस दर दहा हजार मुलांमागे चारपेक्षा थोडी जास्त मुलं इओईची निघाली. पुढे बऱ्याच देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा लाखामागे सुमारे ३४ जण असा आकडा आला. पण त्या पाहण्या मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या. अलीकडच्या एका अमेरिकी हिशोबात तर सातशे माणसांमागे एक. मुलींपेक्षा मुलग्यांत तो सुमारे तिप्पट आढळतो. दमा, सतत शिंका, अंगावर खाजरा इसब अशी अ‍ॅलर्जीची भावंडं पुष्कळदा त्याच्या जोडीला असतात.

म्हणजे आजार वाढतोय की फक्त शोध वाढलाय? मला हा प्रश्न सगळ्यांत आवडतो. डेन्मार्कमध्ये सगळ्या देशाच्या नोंदी पाहून याचं उत्तर शोधलं गेलं. १९९७ ते २०१२ या काळात अन्ननलिकेचे तुकडे तपासण्याचं प्रमाण जेमतेम दुप्पट झालं, नवे रुग्ण मात्र सुमारे वीस पट! नुसत्या जास्त शोधण्यानं एवढी वाढ होणार नाही. आजार खरोखरच वाढतोय.

आपल्याकडे? उत्तर भारतात पित्ताच्या त्रासासाठी आलेल्या रुग्णांचे तुकडे तपासले गेले आणि तो अभ्यास २०१७ साली छापला गेला. शंभरातल्या साधारण तिघांना इओई निघाला. हे आकडे रुग्णालयात आलेल्या माणसांचे, गावातल्या सगळ्यांचे नाहीत, हे विसरू नका. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. तिला लाखामागे ३४ लावले तर ८८० च्या आसपास आणि सातशेमागे एक लावला तर साडेतीन हजारांच्या वर. पण हे नुसतं वहीतलं गणित! दुसऱ्या देशाचं माप आपल्याला तसंच्या तसं लागू होईल असं नाही. आपलं अन्न वेगळं, जंत वेगळे, लहानपणी अंगावर घेतलेली धूळ वेगळी. काही शास्त्रज्ञांना वाटतं की ज्या फौजेला खरे शत्रू भेटत राहतात ती घरच्यांवर कमी भुंकते. हा अंदाज आहे, पक्का निकाल नव्हे.

आणखी एक अडचण अगदी आपल्या घरची. परदेशात कुणी ब्रेड पाण्यात बुडवून खायला लागला तर लोक चमकतात. आपल्याकडे भाकरी दुधात कुस्करणं, पोळी वरणात कालवणं, भातावर रस्सा ओतणं हे तर जेवणाचं सुख! त्यामुळे एखादा मुलगा नाइलाजानं काला करून खातोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

चाकोऱ्या आणि कडी

पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरून बैलगाड्या जाऊन चाकोऱ्या पडतात, पाहिल्यात ना? इओई झालेल्या मुलाच्या अन्ननलिकेत दुर्बिणीतून अशाच उभ्या चाकोऱ्या दिसतात. मधूनमधून पांढरे ठिपके. अस्तर सुजलेलं. ही सुरुवातीची अवस्था.

हा आजार वयाप्रमाणे सोंगं बदलतो. तान्हं बाळ दूध ओढत नाही, तोंड फिरवतं, त्याचं वजन वाढत नाही. शाळेतल्या मुलाचं पोट दुखतं, अधूनमधून उलटी होते, आणि घरचे म्हणतात की शाळा चुकवायचे बहाणे! तुमच्या वयाला आलं की घास अडकायला लागतो. कारण सूज वर्षानुवर्षं राहिली की शरीर जखम भरायला जातं, आणि भरताना अस्तराखाली घट्ट धागे विणतं. चाकोऱ्या पडलेला रस्ता उन्हाळ्यात वाळून टणक होतो, तसंच काहीसं. नळी ताठरते, आत आडव्या कड्या उमटतात, आणि काहींची नळी अरुंद होते.

यात वेळेला किती किंमत आहे ते स्वित्झर्लंडमध्ये २०० रुग्णांवर मोजलं गेलं आणि २०१३ साली छापलं गेलं. त्रास सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांची नळी आक्रसलेली होती. वीस वर्षांहून जास्त वेळ गेला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७१ टक्के! पंगतीत "नाटकं करतो" म्हणून गेलेली वर्षं ही अशी मोजली जातात.

चांगली बातमीही ऐका. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्याचा कॅन्सर होतो असं दिसलेलं नाही, आणि उपचार सुरू केले की सूज उतरते. मात्र उपचार सोडले की ती बहुधा परत येते. म्हणून त्याला दीर्घकाळचा आजार म्हणायचं.

ताट बदलायचं, पण मनानं नाही

उपचार तीन वाटांचे. पहिली वाट औषधांची. पित्त कमी करणाऱ्या गोळ्यांनीच काहींना बरं वाटतं. दम्याच्या पंपात असतं त्या जातीचं औषध इथे ओढायचं नाही, तर मधासारख्या दाट पदार्थात कालवून गिळायचं, म्हणजे ते नळीला चिकटून बसतं. त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही! २०२२ साली अमेरिकेत ड्युपिलुमॅब नावाचं इंजेक्शन १२ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी मंजूर झालं. फौजेला बोलावणारा निरोपच ते अडवतं. पण ते फार महाग आहे.

दुसरी वाट ताटाची. शिकागोचे डॉ. अमीर कागलवाला यांनी २००६ मध्ये ३५ मुलांचं दूध, गहू, अंडं, सोयाबीन, दाणे आणि मासे हे सगळं बंद करून पाहिलं. २६ मुलांचं अस्तर सुधारलं. मग एकेक पदार्थ परत देत, पुन्हा पुन्हा दुर्बिणीतून पाहत, कोणता बाधतो ते शोधायचं. मोठं चिकाटीचं काम आहे हे! पुष्कळदा दोषी निघतं ते दूध किंवा गहू. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आपल्या घरांत गव्हावाचून चालून जाईल, पण चहा, दही, ताक, पेढे? सोयाबीनचं तेल? विचार करा. आणि कृपा करून हे वाचून मनानं दूध बंद करू नका. वाढत्या वयात त्याचा तोटाच होईल. अ‍ॅलर्जीच्या त्वचेवरच्या तपासणीतही इओईचा दोषी पदार्थ भरवशानं कळत नाही, म्हणून हा खटाटोप डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा.

तिसरी वाट आक्रसलेल्या नळीची. दुर्बिणीतून फुगा सोडून तो हळूहळू फुगवतात आणि नळी रुंद करतात.

एक गोष्ट मात्र आजच पाठ करा. घास छातीत अडकला आहे, माणूस बोलतोय, श्वास घेतोय, पण स्वतःची थुंकीही गिळता येत नाही, तर त्याला वरून भाताचा गोळा किंवा केळं देऊ नका. आपल्याकडे हा उपाय हमखास सुचवतात! अडकलेल्यावर आणखी अडकतं. त्याला बसतं ठेवा, काही खायला-प्यायला देऊ नका आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या. दुर्बिणीनं घास काढता येतो. आणि बोलताच येत नसेल, श्वास कोंडला असेल, तर ती वेगळी आणि जास्त भयंकर गोष्ट: घास श्वासनलिकेत आहे. तेव्हा थांबायला वेळ नसतो. कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगून त्याला पुढे वाकवायचं, दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा मारायच्या. निघालं नाही तर पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके आत-वर द्यायचे, आणि हेच आलटून पालटून करत राहायचं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक छोटी वही करा. जेवायला किती मिनिटं लागली, पाणी किती प्यायलो, काय टाळलं, गोळी गिळता आली की कुटून घ्यावी लागली, कधी काय अडकलं. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी डॉक्टरांच्या फार कामाला येतात, कारण "गिळताना त्रास होतो का?" असं नुसतं विचारलं तर ही मुलं सरळ "नाही" म्हणतात! सवय झालेली असते ना.

दरवेळी दुर्बीण पोटात घालणं कुणाला आवडेल? म्हणून अमेरिकेत शास्त्रज्ञांनी एक गमतीदार युक्ती काढली आहे. एका कॅप्सूलमध्ये दोरा गुंडाळून भरायचा. दोऱ्याचं एक टोक गालाला चिकटवायचं आणि कॅप्सूल गिळायची. दोरा उलगडत पोटापर्यंत जातो आणि तासभर तिथेच राहतो. तेवढ्यात ती गुलाबी फौज जे काही ओतत असते ते दोऱ्यात मुरतं. मग दोरा ओढून काढतात, त्याचे तुकडे करतात आणि प्रयोगशाळेत पाहतात. तो तास रुग्णानं काय करायचं? गालावर चिकटपट्टी लावून गोष्टीचं पुस्तक वाचत बसायचं.